ना हरकत

“इथे दाबलं की दुखतं?” डॉक्टर मुळ्यांनी विचारलं.

“तुम्ही माझे डॉक्टर आहात की कंपनीचे, त्यावर आहे जी,” ज्योत्स्ना म्हणाली.

कंपनीच्या दवाखान्यातली खाट साडेपाच फुटांची होती आणि ज्योत्स्ना हेडाऊ पाच फूट अकरा. त्यामुळे तपासणी चालू असताना तिचे पाय खाटेबाहेर लोंबत होते. मी दारात फाईल घेऊन उभा होतो. फाईलमध्ये काय होतं ते आठवत नाही. त्या काळात मी फाईलशिवाय कँटीनलासुद्धा जात नसे.

डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला, त्यावर रबरी हातोडी आपटली. “उत्तम गुडघा आहे. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला.”

“मग फायनल तुम्हीच खेळा ना,” ती म्हणाली, आणि चप्पल घालून निघून गेली. लंगडत गेली. दार ओलांडेपर्यंत उजव्या पायानं, नंतर व्हरांड्यात डाव्या.

ही गोष्ट चौऱ्याण्णवच्या जानेवारीतली, नागपूरची. हिंगण्याकडे आमची केबल बनवणारी कंपनी होती. नाव सांगत नाही, कारण आता तिथे कंपनी नाही, लग्नाचं लॉन आहे. कंपनीचा महिला बास्केटबॉल संघ होता. बायकांचा संघ असला की पेपरात फोटो मोठा छापतात, असं अध्यक्षांना कुणीतरी सांगितलं होतं. संघात बाराजणी होत्या. त्यांतल्या अकराजणी चेंडू ज्योत्स्नाकडे पोचवण्यात तरबेज होत्या. पुढचं ती बघायची.

मी त्या कंपनीत कल्याण अधिकारी होतो. वय एकोणतीस. कल्याण कुणाचं, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं. संघाचा व्यवस्थापकही मीच, आणि आदल्याच वर्षी कंपनीनं मला लोणावळ्याला वाटाघाटींच्या तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथून मी एक टाय आणि वाटाघाटींचे नऊ नियम घेऊन परतलो. टाय अजून आहे.

डिसेंबरात उपांत्य सामना जिंकून दिल्यावर दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं अर्ज दिला होता. पुण्याच्या एका बँकेच्या संघात जायचं आहे, ना-हरकत पत्र मिळावं. दोन ओळींचा अर्ज. नियम असा होता की जुन्या संघानं हे पत्र दिलं नाही तर खेळाडूला वर्षभर कुणाकडूनच खेळता येत नसे. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. म्हणजे तिची नाडी आमच्या हातात होती. आमचे जनरल मॅनेजर पुराणिक साहेब अर्ज वाचून हसले आणि म्हणाले, “पडू दे.”

मग जानेवारीत तिचा गुडघा दुखायला लागला. अध्यक्ष करंडकाचा अंतिम सामना सव्वीस जानेवारीला होता, आमच्याच मैदानावर. खुद्द अध्यक्ष मुंबईहून येणार होते, सोबत वीज मंडळातले दोन बडे पाहुणे. म्हणजे आमची नाडीही तिच्या हातात होती. हे कळायला पुराणिक साहेबांना एक दिवस लागला आणि मला तीन, कारण मी नियम वाचत होतो.

ती का रुसली आहे हे कंपनीत कुणालाच ठाऊक नाही, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो.

“तिला जाऊच द्यायचं असेल तर फुकट नको,” साहेब म्हणाले. “पुण्याकडून बदल्यात काय मिळतं बघ. पण फायनल खेळल्यावर. आणि देशकर, आपल्याला गरज आहे हे दिसता कामा नये.”

मी पुण्याला एसटीडी लावला. बँकेच्या संघाचे सचिव दामले म्हणून होते. माणूस इतका गोड बोलायचा की फोन ठेवल्यावर कान पुसावासा वाटे.

“ज्योत्स्ना हेडाऊ? वा! तिच्या बदल्यात आम्ही दोघी देतो,” दामले म्हणाले. “लिझी आहे आमची, सहा फूट एक. आणि तिच्या जोडीला एक चपळ मुलगी, चेंडू खेळवणारी. चालेल?”

चालेल काय, धावलं असतं. पण नियम दुसरा: पहिला प्रस्ताव कधीही स्वीकारू नये. मी गंभीर आवाजात “बघतो” म्हणालो आणि फोन ठेवून स्वतःवर खूश झालो.

आता ज्योत्स्नावर दबाव आणायला हवा होता. नियम सहावा: समोरच्याची बाजू चारचौघांत कमकुवत करा. माझा एक मित्र पेपरात क्रीडा वार्ताहर होता. त्याला मी चहा पाजला आणि नाव न छापण्याच्या अटीवर सांगितलं, की दुखणंबिखणं काही नाही, बाई डोक्यावर बसली आहे. दुसऱ्या दिवशी बातमी आली. मथळा होता: ‘हेडाऊचे दुखणे गुडघ्यात की डोक्यात?’

दुपारी दामल्यांचाच फोन.

“देशकर, बातमी वाचली. तुमच्या नागपूरचा पेपर इथे एक दिवस उशिरा येतो, पण आमचा एक मेव्हणा तिकडे आहे. लिझीचं काही जमेलसं दिसत नाही. ती चेंडू खेळवणारी मात्र देतो हो.”

“पण तुम्ही तर दोघी म्हणाला होतात!”

“तेव्हा ती चांगली होती ना. आता तुम्हीच म्हणताय की डोक्यात आहे.”

आपलीच म्हैस आटली म्हणून गावभर सांगायचं, आणि मग बाजारात नेऊन दुधाळ म्हैस म्हणून उभी करायची, असा हा प्रकार होता. मी पुन्हा “बघतो” म्हणालो. आणखी दोन दिवसांनी दामले म्हणाले, की त्या चेंडू खेळवणाऱ्या मुलीचं मेमध्ये लग्न आहे आणि सासर जबलपूरचं आहे, ते चालत असेल तर बघा. वीस तारखेला ते दहा नव्या चेंडूंवर आले होते.

“दहा चेंडू?” मी ओरडलो. “अहो, ती आमची सर्वांत मोठी खेळाडू आहे!”

“देशकर,” दामले समजुतीनं म्हणाले, “जी तुमच्याकडे खेळतच नाही, ती तुमच्याकडे आहे असं म्हणायचं तरी कसं?”

एकवीस तारखेला दुपारी मी स्कूटर काढली आणि पाचपावलीला तिच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग होता. तिचे वडील डोमाजी हेडाऊ त्यावर बसले होते. लुगड्याचा काठ अर्ध्यावर आला होता. त्यांनी पाय थांबवले.

“चहा घेता काय, साहेब?”

“नको. मी जरा ज्योत्स्नाशी बोलायला आलो होतो. तुम्ही पण समजवा तिला.”

“मी वीस वर्सं समजावून पाह्यलं,” ते म्हणाले. “तिची माय पण थकली. तुमाले जमते काय पाहा.”

ज्योत्स्ना आतून आली आणि समोर पाटावर बसली. मी फाईल उघडली. कायम नोकरी, संघाचं कप्तानपद, कंपनीच्या वसाहतीत खोली, असं सगळं एकेक करून मांडलं. ती ऐकत होती. माझं बोलून झालं. नियम चौथा असा होता की आपलं बोलून झालं की गप्प बसावं, समोरचा अस्वस्थ होऊन बोलू लागतो. मी गप्प बसलो. तीही गप्प बसली. डोमाजींनी माग पुन्हा सुरू केला. खटक, खटक. पाचेक मिनिटांनी मला घाम फुटला आणि मी म्हणालो, “अगं, पण तुला नेमकं हवंय काय?”

ती उठली, कपाटातून एक कागद आणला आणि माझ्या हातात दिला. टपालाच्या पोचपावतीची झेरॉक्स होती. खाली सही होती. वळणदार, रुबाबदार, ‘वि’ची वेलांटी मागे खेचलेली. माझी.

“अकरा सप्टेंबर,” ती म्हणाली. “महासंघाचं पत्र. भारताच्या शिबिराला बोलावलं होतं. वीस तारखेपासून. तुम्ही सही करून घेतलं. माझ्यापर्यंत आलं नाही.”

माग थांबला होता.

“तुला कुठून…”

“नोव्हेंबरात केरळची एक पोरगी भेटली. म्हणे, ज्योत्स्ना, तू आलीच नाहीस, काऊन? मी महासंघाला लिहिलं. त्यांनी ही पावती पाठवली आणि सोबत कळवलं की मी न कळवता गैरहजर राहिले म्हणून दोन वर्षं माझा विचार होणार नाही.” ती जराही आवाज चढवत नव्हती. “मी सव्वीसची आहे, सर. दोन वर्षांनी कोण विचारून राहिलं मला?”

आता इथे सांगायला हवं. पत्र आलं त्या दिवशी मी ते साहेबांकडे नेलं होतं. साखळीतला आमचा एक सामना चोवीस सप्टेंबरला होता. साहेबांनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, “राहू दे आठ दिवस तुझ्याकडे.” मी राहू दिलं. आठाचे दहा दिवस झाले, तोवर शिबिर सुरू झालं होतं, आणि नंतर ते द्यायचं म्हणजे का नाही दिलं हेही सांगावं लागलं असतं. मग मी ते टेबलाच्या खणात आणखी राहू दिलं. कल्याण अधिकाऱ्याच्या टेबलाला खण मोठे असतात.

“मग आता ना-हरकत हवी,” मी म्हणालो. “ती मी मिळवून देतो. नक्की.”

“ती तर पाहिजेच. पण महासंघाला एक पत्र पाहिजे. की ते पत्र मला दिलं नव्हतं. खरं आहे तेवढंच लिहा. जास्त नको.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर गुडघा दुखते जी,” ती म्हणाली.

साहेबांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ना-हरकत देऊन टाक. ते दुसरं पत्र नाही. ना-हरकत दिली तर ती जाते, देशकर. ते पत्र दिलं तर आपण जातो.”

‘आपण’ म्हणजे नेमके किती जण, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, आणि ते बहुवचनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तडजोड म्हणून एक सुरेख मसुदा केला: ‘टपाल वितरणातील अनवधानाने सदर पत्र खेळाडूपर्यंत पोहोचू शकले नाही.’ ज्योत्स्नानं तो वाचला आणि विचारलं, “अनवधान कोण आहे? आपल्या ऑफिसात नवीन लागलं काय कुणी?” आणि कागद परत केला.

सव्वीस तारखेला सकाळी झेंडावंदन झालं आणि चार वाजता सामना सुरू झाला. शामियान्यात अध्यक्ष, वीज मंडळाचे पाहुणे, साहेब, आणि गुलाबपाण्याचा वास. समोर रायपूरकडच्या एका कारखान्याचा संघ. ज्योत्स्ना कंपनीचा गणवेश घालून बाकावर बसली होती. उजव्या गुडघ्याला पांढरी पट्टी. मैदानावर आमच्या उरलेल्या मुली सवयीनं चेंडू तिच्या जागी फेकत होत्या, आणि तिथे कुणी नव्हतं. मध्यंतराला आम्ही चोवीस, ते अडतीस.

साहेब शामियान्यातून उठून माझ्याकडे आले. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं, फक्त ओठ वेगळं बोलत होते.

“अध्यक्ष विचारतायत ती उंच मुलगी बसून का आहे. काय हवंय तिला ते दे. कागदच आहे ना?”

“कागदच आहे, सर. पण खरा आहे.”

“लेटरहेडवर देऊ नकोस. तुझ्या नावानं दे,” ते म्हणाले, खिशातून सही केलेलं ना-हरकत पत्र काढून माझ्या हातात कोंबलं, आणि हसू सांभाळत परत गेले.

मी बाकाजवळ जाऊन गुणलेखकाच्या टेबलावरचा एक कोरा ताव घेतला. वेळ होता दहा मिनिटं. ज्योत्स्ना शेजारी येऊन उभी राहिली. मी लिहू लागलो: मी, अविनाश देशकर, अकरा सप्टेंबर रोजी महासंघाचं पत्र माझ्या सहीनं स्वीकारलं. ते मी खेळाडूला दिलं नाही.

“का नाही दिलं ते लिहा,” ती म्हणाली.

मी लिहायला घेतलं, ‘साहेबांच्या सांगण्यावरून’. तिनं माझ्या पेनावर बोट ठेवलं.

“साहेबांचं साहेब लिहितील. तुम्ही तुमचं लिहा.”

मी ते खोडलं. लिहिलं, ‘चोवीस सप्टेंबरला आमचा सामना होता म्हणून.’

“किती गुणांनी जिंकलो तो?”

“ते कशाला?”

“लिहा जी.”

तो सामना आम्ही चाळीस गुणांनी जिंकला होता. एका शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा संघ होता तो. त्यांतल्या दोघी चष्मा लावून खेळत होत्या. ज्योत्स्ना नसती तरी आम्ही वीसनं जिंकलो असतो. मी लिहिलं, चाळीस गुणांनी. मग सही केली. या वेळी वेलांटी मागे खेचायचं सुचलं नाही.

तिनं वाचलं, प्रशिक्षकांची साक्षीदार म्हणून सही घेतली, दोन्ही कागद गर्दीत बसलेल्या डोमाजींकडे नेऊन दिले, आणि परत येऊन गुडघ्याची पट्टी सोडली. शिट्टी झाली.

पुढची वीस मिनिटं मी बास्केटबॉल पाहिला. त्याआधी चार वर्षं मी फक्त संघ सांभाळत होतो. ती धावत नव्हती, पोचत होती. रायपूरच्या दोन मुली तिच्या अंगावर, मग तीन, आणि चेंडू त्यांच्या डोक्यांवरून जाळीत. सत्तावीस गुण तिचे एकटीचे. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. अध्यक्षांनी करंडक दिला, फोटो काढला, आणि तिला म्हणाले, “गुडघ्याची काळजी घ्या हं.”

त्या संध्याकाळी साहेबांनी माझी पाठ थोपटली. “लेटरहेड नाही, शिक्का नाही, सामन्याच्या गडबडीत पेनानं लिहिलेलं! शाबास. लोणावळ्याचा खर्च वसूल केलास.” माझ्या आयुष्यातलं एकमेव खरं पत्र त्यांना डावपेच वाटला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या संध्याकाळी मलाही तसंच वाटून जरा बरं वाटलं. फेब्रुवारीत ज्योत्स्ना पुण्याला गेली. मार्चमध्ये दामल्यांकडून दहा चेंडू आले. त्यांतले दोन हवा धरत नव्हते.

खरी गोष्ट एप्रिलमध्ये घडली. महासंघाचं पत्र आलं, कंपनीच्या नावे: खेळाडूनं सोबतचं निवेदन पाठवलं आहे, तरी हे खरं आहे का ते कंपनीनं कळवावं.

साहेबांनी मला बोलावलं. “लिहून टाक, सामना सुरू असताना खेळायला नकार देऊन, दबावाखाली घेतलेला मजकूर आहे. तथ्य नाही. सही तू कर, शिक्का मार.”

“आणि तिचं?”

“तिचं काय? ती गेली पुण्याला. तिच्या हातात आता आहे काय?”

काहीच नव्हतं. करंडक कपाटात, ना-हरकत तिच्याकडे, अध्यक्ष मुंबईत. कुणाची नाडी कुणाच्या हातात राहिली नव्हती. लोणावळ्याच्या नऊ नियमांत अशा वेळेसाठी एकही नियम नव्हता. मी जागेवर येऊन टाईपरायटरमध्ये कागद घातला. ‘दबावाखाली’ एवढं टाईप केलं. ते खोटं नव्हतं. पण ‘तथ्य नाही’ लिहायचं तर कुठल्या वाक्यात नाही, ते ठरवावं लागणार होतं. पत्र आलं होतं. सही माझी होती. दिलं नव्हतं. सामना होता. चाळीस गुण तर स्कोअरशीटवर होते. तासभर मी त्या पाच ओळींत एक खोटी ओळ शोधत बसलो. मी भला माणूस होतो म्हणून पुढचं केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं कारण एवढंच, की ती ओळ सापडली नाही.

मी लिहिलं: निवेदन खरं आहे. आवक नोंदवहीच्या पानाची प्रत जोडली, शिक्का मारला. तो माझ्याच खणात असे. आणि पोस्टात जाऊन स्वतः टाकलं, कारण पत्रं खणात राहू शकतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मेमध्ये माझी बुटीबोरीच्या गोदामात बदली झाली. तिथे केबलच्या रिळांचं कल्याण बघायचं होतं. आठ वर्षं बघितलं. साहेब त्यानंतर माझ्याशी एकदाच बोलले, निवृत्तीच्या समारंभात. “देशकर, तू हुशार होतास,” ते म्हणाले. भूतकाळात.

महासंघानं ज्योत्स्नावरची बंदी उठवली, हे मला पेपरात कळलं, चार ओळींच्या बातमीत. मथळा नव्हता. पुढल्या वर्षी ती शिबिराला गेली आणि एका स्पर्धेसाठी भारताच्या शेवटच्या बारांत निवडली गेली. हेही पेपरातच वाचलं.

मग एका रविवारी सकाळी घरी फोन वाजला.

“सर, ज्योत्स्ना बोलून राहिली, पुण्याहून.”

“अगं! स्पर्धेहून कधी आलीस परत? खेळायला मिळालं का?”

“चार सामने बाकावर. पाचव्यात उतरवलं. अकरा मिनिटं.”

वर्षभर मनात एक वाक्य तयार होतं, ते अगदी अवेळी बाहेर पडलं. “ज्योत्स्ना, मला माफ केलंस ना?”

“नाही जी,” ती म्हणाली. रागानं नाही. वेळ विचारल्यावर सांगावी तसं. “ऐका ना. उतरले तेव्हा आपण सहानं मागे होतो. पहिलाच चेंडू माझ्या हातात आला, उजवीकडून…”

मी खुर्ची ओढून बसलो. अकरा मिनिटं सांगायला तिला पाऊण तास लागला. मी मधे एकदाही बोललो नाही.